सांगावा : तारेपासून मोबाइलपर्यंत

आज आपण एका फार जुन्या गरजेविषयी बोलणार आहोत. ती गरज म्हणजे सांगावा. माहेरी सांगावा धाडणं, शेतावर सांगावा देणं, 'पोचलो, काळजी नसावी' एवढं कळवणं. माणूस लांब गेला की त्याची ख्यालीखुशाली चार शब्दांत कळावी, एवढीच ती गरज. आज ती हातातल्या मोबाइलवर भागते. पण आपल्या शिरूर-दौंडच्या पट्ट्यात हे चार शब्द कसकसे येत गेले आणि त्यांतले किती बायकांपर्यंत पोचले, हे पाहिलं तर आजच्या मेसेजकडे जरा वेगळ्या नजरेने बघता येईल.

सुरुवात दौंडपासून करू. डिसेंबर १८५८ मध्ये पुण्यापासून दिक्सळपर्यंत आगगाडी सुरू झाली. ती यवत, केडगाव, पाटसवरून दौंडला आली आणि पुढे गेली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग झाला आणि दौंड जंक्शन झालं. रुळांच्या कडेने तारेचे खांब आले. आगगाडी चालवायची तर पुढच्या स्टेशनाला आधी कळवायला हवं, म्हणून रेल्वेला तार लागायचीच. हिंदुस्थानात सामान्य लोकांसाठी तार १८५५ मध्ये खुली झाली होती. रेल्वेमुळे ती गावाच्या जवळ आली. शिरूर मात्र पुणे-नगर रस्त्यावरचं गाव. घोडनदीच्या काठी इंग्रजांची छावणी होती, बाजारपेठ होती, पण शिरूर तालुक्यातून रेल्वे आजही जात नाही. म्हणजे शेजारी-शेजारी असलेल्या दोन तालुक्यांत निरोपाच्या वाटा पहिल्यापासून वेगळ्या झाल्या.

तारेचे पैसे शब्दांवर असत. त्यामुळे माणसं शब्द काटकसरीने वापरायला शिकली. 'आई आजारी, लगेच या' एवढंच. माया, राग, खुलासा, सगळं गाळून टाकायचं. आणि इतके पैसे कोण कधी खर्च करणार? अडल्या वेळीच. म्हणून आपल्याकडे तार आली म्हटलं की ती फोडायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची. शिवाय ती बहुधा इंग्रजीत असे. ती वाचायला मास्तर नाहीतर पोस्टमन गाठावा लागे. घरातल्या बाईच्या नावाने आलेला निरोपसुद्धा तिला सगळ्यात शेवटी कळे.

गरिबाचा खरा मेसेज म्हणजे पोस्टकार्ड. १ जुलै १८७९ ला ते आपल्याकडे सुरू झालं. किंमत पाव आणा. जागा हाताच्या पंजाएवढी, आणि झाकायला पाकीट नाही. जे लिहाल ते पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत कुणीही वाचावं. त्यामुळे सुनेने माहेरी लिहिलेल्या कार्डात 'मी सुखरूप आहे' एवढंच असायचं, आणि माहेरची आई त्या अक्षरांच्या वळणावरून लेक खरंच सुखात आहे का, ते ओळखायचा प्रयत्न करायची. १८८० पासून पोस्टाने मनीऑर्डर घ्यायला सुरुवात केली. मुंबईच्या गिरणीत, गोदीत, बाजारात कामाला गेलेले धनी गावाकडे पैसे पाठवत. त्या फॉर्मच्या एका टोकाला मजकुरासाठी बोटभर जागा असे. 'पैसे मिळाल्याचे कळवावे. म्हैस विकू नये. पोरीला शाळेत घालावे.' कित्येक घरांचा संसार त्या बोटभर जागेतल्या सूचनांवर चालला. पण पैसे घेताना बाईचा अंगठा आणि मजकूर वाचायला पोस्टमन, ही रीत काही सुटली नाही.

इथे केडगावची आठवण काढायलाच हवी. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा, म्हणजे आपल्या भागात आगगाडी आली त्याच वर्षीचा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी उपासमारीतून सोडवून आणलेल्या बायका-मुलींना केडगावला ठेवलं आणि तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. जवळच रेल्वेचं स्टेशन होतं. दूरवरून आलेल्या, कुणी न विचारलेल्या बायका त्याच आगगाडीने केडगावला उतरल्या. तिथे त्यांना वाचायला-लिहायला शिकवलं, विणकाम-शिवण शिकवलं आणि छापखान्यात खिळे जुळवायलाही शिकवलं. ज्या काळात बाईच्या नावाचं पत्र दुसऱ्यानेच वाचायचं, त्या काळात दौंड तालुक्यातल्या एका गावात बायका स्वतः मजकूर छापत होत्या. निरोप वाचता येणं आणि लिहिता येणं ही किती मोठी सुटका आहे, हे त्या बाईने ओळखलं होतं.

पुढे गावात टेलिफोन आला तो बहुतेक एकच, पोस्टात किंवा पाटलाच्या घरी. मग १९८० च्या दशकात पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ निघाले. तिथे काचेच्या खोक्यात उभं राहून मीटरच्या लाल आकड्यांकडे बघत बोलायचं. आकडा पळाला की बोलणं आटपायचं. हीसुद्धा एक काटकसरच.

३१ जुलै १९९५ ला भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला. पहिली काही वर्षं येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, तेव्हा तो श्रीमंतांचा खेळ होता. दर उतरले आणि साधारण २००३ नंतर तो शेतावर पोचला. तेव्हा आपल्या लोकांनी एक शब्दही न वापरता निरोप द्यायची युक्ती काढली. ती म्हणजे मिस कॉल. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन रिंगा म्हणजे दूध घालून झालं, न्यायला या. पैसा एक नाही आणि वाचता यायचीही गरज नाही. अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बायकांनी ही भाषा सगळ्यात आधी आत्मसात केली.

मग एसएमएस. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडमध्ये गेला. त्याची मर्यादा १६० अक्षरांची. ही मर्यादा ठरवणाऱ्या फ्रिडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्याने लोकांची पोस्टकार्डं आणि टेलेक्स तपासले, आणि बहुतेकांचं म्हणणं तेवढ्यात मावतं असं त्याला दिसलं. म्हणजे आजच्या मेसेजचं माप पोस्टकार्डावरून घेतलेलं आहे.

पण मैत्रिणींनो, हे माप इंग्रजीचं. मराठीत लिहिलं की एका एसएमएसमध्ये फक्त ७० अक्षरं मावतात. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार प्रत्येकी वेगळं अक्षर म्हणून मोजतात. 'शिरूर' आपल्याला तीन अक्षरी दिसतं, मोबाइल ते पाच धरतो. सुरुवातीच्या कित्येक फोनांवर तर देवनागरी उमटायचीच नाही, नुसते चौकोन दिसायचे. म्हणून पोरं इंग्रजी लिपीत मराठी लिहू लागली. जिला मराठी शाळेत चौथीपर्यंत वाचता येत होतं, ती बाई पुन्हा एकदा निरोपाच्या बाहेर राहिली.

एसएमएसचा शेतीला किती उपयोग झाला, याचा दाखला महाराष्ट्रातलाच आहे. २००७ मध्ये रॉयटर्स कंपनीने महाराष्ट्रात शेतकऱ्यांसाठी एक सेवा काढली. महिन्याला पैसे भरायचे आणि मोबाइलवर बाजारभाव, हवामान, पिकाचा सल्ला मराठीत मिळवायचा. गाजावाजा बराच झाला. मग मार्सेल फाफशांप आणि बार्ट मिंटेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या १०० गावांत तपासून पाहिलं. ज्यांना मेसेज मिळत होते आणि ज्यांना मिळत नव्हते, त्यांना मालाचा सरासरी भाव मिळाला किती? २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आला : म्हणण्यासारखा फरक नाही. काही शेतकऱ्यांनी माल विकायची जागा बदलली, एवढंच.

असं का व्हावं, हे आपल्याला कळायला अर्थशास्त्र शिकायची गरज नाही. पुण्याला कांद्याला भाव जास्त आहे हे कळलं, तरी गाडीभाडं कोण देणार? आडत्याकडून उचल घेतली असेल तर माल त्याच्याच गाळ्यावर जाणार. मेसेज खरा असतो, पण त्यावर वागायला हात मोकळे लागतात. बातमी आणि बळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उलट जिथे हात मोकळे होते, तिथे साध्या मोबाइलने मोठं काम केलं. रात्रीच्या थ्री-फेज लाइटवर मोटर चालू करायला शेतावर जावं लागतं, हे शिरूर-दौंडच्या बाईला सांगायला नको. पुण्यातले अभियंते संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाचं यंत्र बनवलं. घरात बसून मोबाइलवरून विहिरीवरची मोटर चालू-बंद करायची. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. आता तसले मोबाइल स्टार्टर जागोजाग दिसतात. मोटर चालू झाली की यंत्रच उलट कळवतं. इथे सांगावा धाडणारी मोटर आणि घेणारी बाई. अंधारातली एक फेरी वाचली.

मार्च २००६ मध्ये अमेरिकेत ट्विटर सुरू झालं. तेव्हा त्याची मर्यादा १४० अक्षरांची होती, कारण एसएमएसच्या १६० मधून २० अक्षरं पाठवणाऱ्याच्या नावाला राखून ठेवली होती. नवीन गोष्ट अशी, की निरोप एकाला नाही, चावडीवर उभं राहून सगळ्यांना. त्याच सुमारास आपल्याकडे मुंबईत 'एसएमएस गपशप' ही सेवा निघाली. त्यातही एकाने लिहायचं आणि गटातल्या सगळ्यांच्या साध्या फोनवर ते पोचायचं. पण खेड्यात खऱ्या अर्थाने रुजलं ते व्हॉट्सअॅप. ते २००९ चं, पण स्वस्त नेट आल्यावर, २०१६ नंतर ते घराघरांत शिरलं.

ट्विटरचा खेड्यातल्या बाईला काय उपयोग, असं कुणी विचारलं तर दौंडसारख्या रेल्वेच्या गावाने उत्तर द्यावं. २०१४ ते २०१७ या काळात सुरेश प्रभू रेल्वेमंत्री होते. तेव्हा प्रवासी चालत्या गाडीतून मंत्रालयाला दोन ओळी लिहीत आणि उत्तर येई. नोव्हेंबर २०१५ मध्ये शेगावजवळ एका प्रवासी बाईने लिहिलं, की डब्यात एक पुरुष त्रास देतोय. गाडीचा नंबर दिला. पुढच्या स्थानकावर पोलीस डब्यात चढले. काही ओळखपाळख नाही, वशिला नाही, अर्ज नाही. दौंड-पुणे रोज ये-जा करणाऱ्या नोकरदार मुलींसाठी ही लहान गोष्ट नव्हती. त्या ट्वीटमध्ये काय होतं पाहा : गाडीचा नंबर, जागा, अडचण. तारेसारखंच, फालतू शब्द एकही नाही.

आपल्या गावच्या ग्रुपवर रोज काय येतं? 'आज दूध संकलन लवकर आहे.' 'अंगणवाडीत लस आहे, कार्ड आणा.' 'बचत गटाची बैठक उद्या तीन वाजता.' 'एसटी आज आली नाही.' पावसाळ्यात तर 'खडकवासल्यातून विसर्ग वाढला' हा मेसेज आला, की मुळा-मुठेच्या आणि भीमेच्या काठची माणसं मोटारी वर काढायला धावतात. खडकवासल्याचं पाणी दौंड तालुक्यात पोचायला वेळ लागतो, मेसेजला लागत नाही. त्या मधल्या तासांत हजारोंची मोटर, पाइप, बांधलेली जनावरं वाचतात. हा उपयोग कुठल्या जाहिरातीत सांगत नाहीत, पण तोच खरा.

पण हीच वाट अफवेलाही मोकळी असते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथे पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती, पोटासाठी फिरणारी. कारण काय, तर 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' असे मेसेज फिरत होते. त्या घटनांनंतर व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल असं बंधन घातलं. आपल्याकडे २०२४ च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन फिरतात म्हणून शिरूर, दौंड, बारामती, जुन्नर भागात गावंच्या गावं जागत होती. खरं किती, खोटं किती, कुणाला सांगता येईना. पण त्या रात्री एखादा वाटसरू रस्ता चुकून वस्तीवर आला असता तर? पूर्वी पोस्टकार्डावर खाली सही असायची. पुढे ढकललेल्या मेसेजला सही नसते. त्यामुळे त्याची जबाबदारी कुणाचीच नसते, आणि रक्त मात्र खरं सांडतं.

आता सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय. घोड, कुकडी, चासकमानचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि त्या उसात बिबट्या राहू लागला, तिथेच वाढू लागला. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड आणि जांबूत इथे साधारण तीन आठवड्यांत दोन लेकरं आणि एक म्हातारी बाई बिबट्याच्या हल्ल्यात गेली. लोक रस्त्यावर उतरले. त्यांचा राग समजण्यासारखा होता. उसाच्या कडेला ज्यांचं घर आहे, त्यांच्यासाठी 'बिबट्या दिसला' हे दोन शब्द म्हणजे जिवाचा प्रश्न आहे.

म्हणूनच हे दोन शब्द नीट पाठवले पाहिजेत. 'सावधान, बिबट्या आला, सगळ्यांना पाठवा' या मेसेजला ना दिवस, ना जागा. तो चार दिवस फिरत राहतो. पहिल्या दिवशी सगळे घाबरतात, चौथ्या दिवशी कुणीच लक्ष देत नाही, आणि पाचव्या दिवशी खरा बिबट्या येतो. त्याऐवजी असं लिहावं : 'मंगळवार, संध्याकाळी सात. चारीच्या पलीकडे, डाळिंबाच्या बागेजवळ. मी स्वतः पाहिला,' आणि खाली आपलं नाव. एवढंच. मग वन विभागाच्या १९२६ या नंबरवर कळवावं, कारण ग्रुपवर लिहिलं म्हणजे सरकारला कळलं असं होत नाही.

आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय? आपल्या पुणे जिल्ह्यात ग्राम सुरक्षा यंत्रणा म्हणून एक सोय चालते. संकट आलं की एका टोल फ्री नंबरवर फोन करून आपल्या आवाजात निरोप सांगायचा. तोच आवाज गावातल्या नोंद केलेल्या सगळ्या फोनवर एकदम वाजतो. चोर आले, आग लागली, बिबट्या दिसला, लेकरू हरवलं. साधा बटणांचा फोन चालतो आणि अक्षरओळख लागत नाही. ही गावची दवंडीच आहे, फक्त ती दवंडी आता पेठेपासून लांब, शेतातल्या वस्तीवरही ऐकू येते. अट एकच, की आपला नंबर त्यात नोंदलेला हवा.

सगळं येऊन थांबतं ते या 'आपल्या नंबरा'पाशी. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं, की देशातल्या ५४ टक्के बायकांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल आहे, आणि त्यांच्यातही ७१ टक्क्यांनाच मेसेज वाचता येतो. शंभर बायका धरल्या तर जेमतेम अडतीस जणी स्वतःच्या फोनवर स्वतः मेसेज वाचतात. बाकीच्या बासष्ट जणींचा पोस्टमन अजून बदललेला नाही. तो आता नवरा आहे, दीर आहे, नाहीतर नातू आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे पहिले हप्ते जमा झाले तेव्हा हे उघडं पडलं. पैसे बाईच्या खात्यात, पण बँकेला दिलेला नंबर घरच्या पुरुषाचा. 'जमा झाले' हा मेसेज त्याच्या फोनवर. कितीएक घरांत बाईला तिच्याच पैशाची बातमी शेजारणीकडून कळली. शंभर वर्षांपूर्वीच्या मनीऑर्डरच्या अंगठ्यात आणि यात फरक तो किती? अंगणवाडी ताईंचं पण तसंच. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या ताईंनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, तेव्हा त्यांच्या तक्रारींत एक तक्रार हीच होती, की माहिती भरायचं अॅप इंग्रजीत आहे. आपल्या भाषेत नसलेला निरोप हा अर्धाच निरोप.

एक गोष्ट मात्र विसरू नये. ३० जुलै २०१४ ला आपल्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराखाली गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली. तेव्हाही मोबाइल होते. बातमी बाहेर आणली ती एसटीच्या चालकाने. नेहमीच्या वाटेवर आला आणि गाव जागेवर दिसेना. म्हणजे जी माणसं रोज येतात-जातात, ज्यांना आपलं गाव नजरेने ओळखता येतं, तीच आपली शेवटची तार. शेजारणीचा दोन दिवस मेसेज नाही, तर तिच्या दारात जाऊन बघणं हे कुठल्याही मोबाइलने होणार नाही.

१५ जुलै २०१३ पासून भारतातली तार बंद झाली. कुणाला फारसं चुकचुकल्यासारखं वाटलं नाही, कारण तिचं काम दुसऱ्या वाटेने चालू होतं. उद्या व्हॉट्सअॅपही जाईल, दुसरं काही येईल. सांगावा राहीलच.

तेव्हा या आठवड्यात तीन कामं करा. बँकेत जाऊन आपल्या खात्याला आपलाच नंबर जोडा. ग्राम सुरक्षा यंत्रणेत आपला नंबर आहे का, ते पोलीस पाटलांना विचारा. आणि घरात जी सासू, आजी, जाऊ अजून दुसऱ्याकडून मेसेज वाचून घेते, तिला रोज एक ओळ वाचायला शिकवा. 'आई' या शब्दापासून सुरुवात केली तरी चालेल.